पार्टसाठी आणलेली घड्याळं

बाबा, तुमचं घड्याळ अजून पुरतं दुरुस्त झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पहिल्या ओळीलाच तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचाराल, "ते सारं जाऊ दे, घड्याळाचं काय झालं?" तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली आणि तेवढीच वर्षं मी त्याच्या मागे लागले आहे. पण आज रडगाणं गायचं नाही. आज मला फुशारकी मारायची आहे, आणि घरात ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. तुमचे जावई 'घड्याळ' हा शब्द ऐकला की उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातात. आमच्या कुंड्या त्यामुळे कायम चिखलात असतात. मग म्हटलं, ज्या माणसामुळे हे खूळ डोक्यात शिरलं त्यालाच पकडावं. तुम्हाला उठून जाता येत नाही, हा तुमचा मोठा गुण झाला आहे आता.

धरमपेठेतल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. लोक त्यात चांदीची भांडी ठेवतात, मी घड्याळं ठेवते. सगळी तुमच्या घड्याळाच्या जातीची. सपाट, सोन्याचं पाणी दिलेली, कोटाच्या बाहीखाली सहज जातील अशी, चामड्याच्या पट्ट्याची, आणि तरी बाजूला दोन बटणं असलेली. वरचं बटण दाबलं की लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की परत शून्यावर. लग्नाला घालून जायचं घड्याळ आणि त्याच्या पोटात स्टॉपवॉच. हल्ली घरी येणारा माणूस कपाटापाशी थांबतोच. पुण्याहून, इंदूरहून फोन येतात, "मॅडम, ही डायल अस्सल आहे का, जरा फोटो पाहून सांगा." आणि मी फोटो पाहून सांगते, बाबा! डायल नव्या नवरीसारखी चमकत असली की समजायचं, कोणीतरी वरून रंग मारला आहे. साठ वर्षांच्या डायलीला थोडा पिवळेपणा हवाच. केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, घासूनपुसून चकाचक केली असेल तर मी विकणाऱ्याला फोनवरच झापते. माझा आवाज तुमच्यावर गेला आहे, त्यामुळे फोन स्पीकरवर टाकावा लागत नाही.

तुम्हाला ते घड्याळ मिलमधल्या म्हाताऱ्या पारशी साहेबानं दिलं होतं, नोकरी सोडून जाताना. तुम्ही टाइम ऑफिसात कारकून, कामगारांची येण्याजाण्याची वेळ मांडणारे. साहेब म्हणाला होता, या मिलमध्ये घड्याळ शोभेल असा एकच हात मला दिसला. हे वाक्य तुम्ही आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की आई स्वयंपाकघरातून ते तुमच्या आधी पूर्ण करायची. लग्नाला निघालात की शर्टाची डावी बाही तेवढी एक घडी जास्त दुमडायचात. आई म्हणायची, "घड्याळ आहे का नवरीचा चुडा? किती दाखवता!" आणि तुम्ही बाही आणखी वर घ्यायचात. चावी द्यायचं काम रविवारी सकाळी माझं असायचं. तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहून मी ती चिमुकली चावी फिरवते आहे, आणि तुम्ही पेपरमधून डोकं न काढता म्हणता आहात, "जड लागली का थांब. जोर करायचा नाही." माझी बोटं अजून तुमच्याच हुकमावर थांबतात.

घड्याळाचं खरं काम मात्र मैदानावर होतं. आठवडाभर मिल, आणि शनिवार-रविवार खो-खोच्या मॅचेसना टायमर. गळ्यात शिट्टी, मनगटावर साहेबाचं घड्याळ. दुसरे टायमर दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच घेऊन यायचे आणि तुम्ही हे सोन्याच्या पाण्याचं लग्नातलं घड्याळ घालून धुळीत उभे. लोक हसायचे. पण तुमची शिट्टी वाजली की वाद संपायचा. "त्याईनं टाइम दिला ना, मंग झालं," असं दोन्हीकडचे म्हणायचे. मला ते ऐकताना अंगावर मूठभर मांस चढायचं.

शाळेच्या फायनलपर्यंत. ती फायनल आठवते ना? मला तर काल झाल्यासारखी आठवते. आमच्या शेवटच्या तुकडीत मी एकटी उरलेली. पाय शिशाचे झालेत, तोंडाला कोरड पडली आहे, आणि समोरची ती उंच पोरगी मागे लागली आहे. मैदानाच्या कडेनं आमची सगळी शाळा ओरडते आहे, "टाइम! टाइम!" बाई ओरडताहेत, शिपाईकाका ओरडताहेत, आईसुद्धा ओरडते आहे. सगळ्यांच्या मते वेळ केव्हाच संपली. मी पळता पळता तुमच्याकडे पाहते. तुम्ही मान वर करत नाही. शिट्टी ओठात, डोळे काट्यावर. तेवढ्यात पाठीवर थाप पडली, मी बाद, आणि त्यानंतर तुमची शिट्टी वाजली. नंतर! एका गुणानं हरलो आम्ही. घरी आल्यावर मी जेवले नाही. आई तुम्हाला म्हणाली, "माणूस आहात का दगड? पोटची पोर होती!" स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं तर्री-पोहे केलेत, तर्रीत नेहमीसारखं तिखट जास्त झालं, आणि ताटली माझ्यासमोर आपटलीत.

"काहून रडून राहिली?"

"तुमी आधी शिट्टी देऊ शकत होते, बाबा."

"देऊ शकत होतो. कोणी विचारलं बी नसतं."

"मंग?"

"मंग मी टायमर काहून? घरी तुहा बाप आहे, तिथं नाही. आणि थोडी अजून जोरात पळाली असती त तुह्या पायाले कोणी बांधलं होतं का?"

मी आठ दिवस अबोला धरला. तर्री-पोहे मात्र खाल्ले, कारण भूक लागली होती. आज हे लिहिताना सांगते, त्या दिवसाचा मला इतका अभिमान वाटतो की ओळख झाल्यावर दुसऱ्या भेटीत मी ही गोष्ट लोकांना सांगतेच. सांगताना माझी हार दरवेळी थोडी मोठी होते आणि तुमची मान थोडी अजून ताठ.

आणि मग ते झालं. वरचं बटण अडकायला लागलं म्हणून तुम्ही घड्याळ दुरुस्तीला टाकलंत. कोण तो घड्याळजी, देव जाणे. त्यानं आतले स्टॉपवॉचचे नाजूक पार्ट सरळ काढून टाकले, म्हणजे कटकटच नको. वेळ दाखवत होतं, चालत होतं, तुम्हाला कळायचं कारणच नव्हतं. कळलं ते मैदानावर. खेळ सुरू झाला, तुम्ही बटण दाबलंत, आणि काटा जागचा हलला नाही. मी तेव्हा नोकरीला लागले होते, तुम्हाला घ्यायला आले होते, कडेला स्कूटरवर बसून पाहत होते. दुसरा कोणी असता तर साध्या काट्यावर पाहून निभावलं असतं. तुम्ही हात वर करून खेळ थांबवलात. दोन्ही कप्तानांना बोलावलंत आणि म्हणालात, "माह्यं घड्याळ बिघडलं आहे. दुसरा टायमर आणा." आणि प्रेक्षकांत येऊन बसलात. त्यानंतर तुम्ही कधी शिट्टी गळ्यात घातली नाही. मी प्लास्टिकचं स्टॉपवॉच आणून दिलं, तर ते आईनं कुकरच्या शिट्ट्यांना लावलं. दुरुस्ती करतो म्हणणारे भेटले, पण पार्ट कुणाकडेच नाही. तुम्ही गेलात तेव्हाही घड्याळ मनगटावर होतं, वेळ दाखवत. ते उतरवताना मी मनात ठरवलं की हा काटा पळवून शून्यावर आणून दाखवेन.

मला वाटलं होतं, आपल्याला काय अवघड आहे! माझी आताची नोकरी तुम्हाला ठाऊक नाही. मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचं एक मोठं हँगर आहे, तिथल्या पार्टच्या भांडाराची मी प्रमुख आहे. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कुठला बोल्ट पडला आहे, तो कोण देईल आणि किती दिवसांत येईल, हे शोधून काढणं हाच माझा धंदा. एवढ्या मोठ्या विमानाचे पार्ट मी आणते, तर एका घड्याळाचे नाही आणणार? तर बाबा, विमान बरं. घड्याळात मेली गंमत अशी की वरून सारखी दिसणारी दोन घड्याळं आत अगदी वेगळी निघतात. मशीन तेच हवं, तरच पार्ट बसतो. इतवारीत, बर्डीवर, जिथे म्हणून जुनी घड्याळांची दुकानं होती तिथे गेले. अर्ध्या दुकानांत आता मोबाइलची कव्हरं. एका दुकानात म्हाताऱ्या मालकानं गंजलेल्या पार्टनी भरलेला बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ओतला आणि म्हणाला, "शोधा बाई, तुमच्या नशिबात असंन त." दुपारभर चिमट्यानं शोधत बसले. काही पट्ट्या, एक स्प्रिंग मिळाली. एक पट्टी कलकत्त्याहून आली, एक जर्मनीतल्या एका आजोबांनी पाकिटात घालून पाठवली. दुरुस्तीही मीच शिकले, भिंग डोळ्याला लावून, गॅलरीतल्या उजेडात, पहिली दोन-तीन वर्षं स्प्रिंगा उडवत आणि मग फरशीवर रांगत. हळूहळू तुमचा काटा पळायला लागला. थांबायलाही लागला. पण शून्यावर काही येईना, कारण शून्यावर आणणारा पार्ट, तो हातोडीच्या आकाराचा, तेवढा मिळत नव्हता. शून्यावर न येणाऱ्या घड्याळावर मॅच कशी लावणार? तुम्हीच मला हाकलून दिलं असतं.

मग एकच रस्ता उरला. त्याच मशीनचं दुसरं घड्याळ विकत घ्यायचं, त्यातली हातोडी काढायची आणि तुमच्यात बसवायची. आमच्या हँगरमध्ये हे रोज चालतं. एखादं विमान पार्टवाचून महिनोन्महिने उभं असतं, मग त्याचेच बाकीचे पार्ट काढून दुसऱ्याला लावतात. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. तशीच मी पहिलं घड्याळ आणलं, पार्टसाठी. उघडलं, तर तेच मशीन, हातोडी जागेवर! मी आनंदानं ओरडले. मग चावी दिली, सहज. आणि ते चालायला लागलं हो. सगळं चालायला लागलं, दोन्ही बटणांसकट. कोणाच्या तरी बाबांचं असेल. मला काही त्यात चिमटा घालवेना. म्हटलं जाऊ दे, दुसरं बघू. दुसरंही तसंच निघालं. तिसऱ्याचं मशीनच वेगळं, पण ते इतकं गोड होतं की त्याच्यासाठी दुसरीकडून पार्ट शोधून आणले. असं करत करत ते काचेचं कपाट भरलं, बाबा. लोक म्हणतात काय सुंदर संग्रह आहे. अहो, संग्रह कुठला! सगळी फाडायला आणलेली आणि फाडता न आलेली घड्याळं आहेत ती. हँगरमधली पोरं मला चिडवतात, "मॅडम, रोज विमान सोलता, एक घड्याळ सोलता येत नाही?" मी म्हणते, विमानाला बाप नसतो रे.

मला हवं होतं एक मेलेलं घड्याळ. मशीन तेच, हातोडी शाबूत, पण बाकी खलास. म्हणजे मनाला टोचणी नाही. आणि बाबा, गेल्या महिन्यात ते स्वतःच्या पायांनी चालत घरी आलं.

रविवारची दुपार. दार उघडते तर एक म्हातारी, नऊवारीत, हातात मोसंब्यांची पिशवी, जिना चढून दमलेली. "तुमीच का घड्याळं पाळता त्या बाई?" मी म्हटलं, हो, मीच पाळते, या. नरखेड तालुक्यातून एसटीनं एकटी आली होती. तिच्या नातीनं मोबाइलवर माझ्या कपाटाचे फोटो दाखवले होते, त्यावरून पत्ता काढला. आधी पाणी प्यायली, मग मला जिन्याबद्दल बोलली, मग पदराच्या गाठीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तीच सपाट केस, तीच दोन बटणं, तीच तीन लहान डायली. तुमच्या घड्याळाचा सख्खा भाऊ.

"आमच्या बुढ्याचं आहे. माह्या बापानं लग्नात देल्लं त्याले. बाप संत्र्याचा व्यापारी, माल कलकत्त्याले जाये, तिथून आणलं. आता बुढा गेला. घड्याळ बंद पडून राहिलं पेटीत. तुमच्याकडं ठेवा. मले पैसे नको."

मी उघडून पाहिलं. मशीन तेच. हातोडी शाबूत, जशी काल बसवली. आणि घड्याळ मेलेलं, कारण बटण दाबल्यावर एकेक घर पुढे सरकणारं एक चाक असतं, छोट्या बुरुजासारखं, त्याचे दोन बुरूज मोडलेले. तेवढं चाक सोडलं तर बाकी सगळं साफ करून चालण्यासारखं होतं. तसं चाक मी कुठेच विकायला पाहिलेलं नाही. तसं एक मोकळं, म्हणजे पूर्ण चालणाऱ्या घड्याळात नसलेलं, माझ्या घरात मात्र होतं. तुमच्या घड्याळात, त्या घड्याळजीच्या हातून वाचलेलं.

मी तिला सगळं खरं सांगितलं. म्हटलं, माय, तुमच्या घड्याळातला हा एक पार्ट मी वीस वर्षं शोधते आहे, तो काढला की माझ्या बाबांचं घड्याळ चालू होईल, तुमचं मात्र कायमचं जाईल. ती म्हणाली, "घे ना मंग. गेलेल्याचं गेलेल्याच्या कामी आलं, काय बिघडलं त्यात? फक्त काढायच्या आधी मले एक डाव चालताना दाखव." आणि मग तिनं सांगितलं ते घड्याळ काय करायचं ते. दोन भाऊ, विहीर एक. पाण्यावरून डोकी फुटायची वेळ यायची. शेवटी तिच्या नवऱ्यानं हे लग्नातलं घड्याळ कामाला लावलं. मोटर सुरू झाली की बटण दाबायचं, दोघांच्या बागांना सारखा वेळ.

"काटा पोचला का बुढा वरडे, 'सोड!' अन् मी फावड्यानं पाट फोडो, पाणी दिराच्या बागेत. एका उन्हाळ्यात आमचे झाडं वाळून राहिले होते. म्या म्हटलं, दोन मिनिट अजून राहू द्या, कोण पाहून राहिलं? त म्हने, घड्याळ पाहून राहिलं. मले असा राग आला! म्या दोन दिवस त्याले भाकर वाढली नाही."

बाबा, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला. मला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर येऊन म्हटलं, माय, पुढच्या रविवारी या. चालवून दाखवते.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा तुमच्या घड्याळातून काही काढलं. आजवर त्यात घालतच आले होते. रोज कामावरून आल्यावर, उजेड असेपर्यंत. म्हातारीच्या घड्याळातलं वाळलेलं तेल काढलं, चाकं धुतली, नवं तेल घातलं, आणि तुमचं बुरुजाचं चाक त्यात बसवलं. मनाशी म्हणत होते, एका दुपारपुरतं, मग चाक आणि हातोडी, दोन्ही तुमच्या घड्याळात. चाक असं बसलं की जणू तिथलंच. चावी दिली, जड लागली तिथे थांबले.

रविवारी ती आली. घड्याळ हातात दिलं. तिनं पदरानं बोट पुसलं आणि वरचं बटण दाबलं. काटा निघाला. काट्यासोबत तिची मान हलत होती. काटा एक फेरा पुरा करून वर येताना ती खुर्चीतून उठली, गुडघ्यांची कुरकुर न करता, थोडी वाकून उभी राहिली, दोन्ही हात पुढे, फावडं धरल्यासारखे. मग तिच्याच लक्षात आलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "पाय आयकत नाईत वं आता, पण हात आयकून राहिले," म्हणाली. खालचं बटण दाबलं. काटा एका झटक्यात शून्यावर. वीस वर्षं जे पाहायचं होतं ते मी पाहिलं, तुमच्या चाकावर, पण दुसऱ्याच्या घड्याळात.

"घे, काढ आता तुह्या बाबाचा पार्ट," तिनं घड्याळ पुढे केलं.

मी चिमटा उचलला सुद्धा. मग खाली ठेवला. म्हटलं, "माय, घेऊन जा हे घरी. असंच."

"भैताड झाली का वं? तुह्या बाबाचं कसं होईल?"

"आमच्या कामाच्या जागी एक नियम आहे. दोन विमानं आणि पार्ट एकापुरतेच असले, तर जे आज उडू शकतं त्याला द्यायचे. तुमचं उडून राहिलं, माय."

तिनं पुढे केलेलं घड्याळ मागे घेतलं. "तुहे बाबा रागवत नाईत का?"

मी म्हटलं, "माझे बाबा टायमर होते."

ते तिला काय समजलं कोण जाणे, पण पुढे तिनं काही विचारलं नाही. घड्याळ बांगड्यांच्या वर, सैल पट्ट्यानं, स्वतःच्याच मनगटावर चढवलं. स्कूटरवर तिला स्टँडवर सोडायला गेले तर धरमपेठेच्या सिग्नलला मागून बटण दाबल्याचा आवाज आला. स्टँडवर उतरल्यावर मला काटा दाखवून म्हणते, "पाह्य, इतकुशा रस्त्याले इतका टाइम! तुमच्या नागपुरात लोकं जगतात तरी कसे?" बसमध्ये चढून खिडकीतून तिनं मनगट हलवलं. तुमच्या बाहीसारखाच पदर मागे सारला होता हो! मी तिथे स्टँडवर, पॉपकॉर्नवाल्यांच्या गर्दीत, अशी छाती काढून उभी होते की एका कंडक्टरनं विचारलं, कोणाची वाट पाहून राहिल्या का मॅडम.

तर हे झालं. वीस वर्षांत मी कुणाच्याही बापाचं घड्याळ फाडलं नाही, फाडलं ते एकच, माझ्या बापाचं. तुमच्या घड्याळाचं वरचं बटण दाबलं तर आता काहीच होत नाही. महिन्यापूर्वी निदान काटा पळायचा. वेळ मात्र ते चोख दाखवतं, आणि मी ते रोज हँगरमध्ये घालून जाते. कोणी विचारलं तर सांगते, याचं एक चाक नरखेडला बागेत असतं. मला वाटलं होतं, तुमच्यापुढे मान खाली घालावी लागेल. उलट मला वाटतं तुम्ही हे पाहायला हवं होतं. तुम्ही उठून आत जाऊन पोहे भिजवले असतेत.

एक गोष्ट राहिली. ती ना जावयांना सांगितली, ना म्हातारीला. तिच्या घड्याळाचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं आणि हातोडी दिसली, तेव्हा आनंद झाला तो एवढासा. त्याच्या मागोमाग दुसराच विचार आला. तुमचं घड्याळ उद्या पुरं झालं तर परवापासून मी काय करू? कोणाला फोन लावू, कुठल्या डब्यात चिमटा घालू, आणि तुमच्याशी बोलायला मला निमित्त काय उरेल? तेव्हा ते चाक मी दिलं त्यात म्हातारीवरची माया होती, तुमची शिकवणही होती, पण सगळं पुण्य माझ्या नावावर मांडू नका. आता एकाऐवजी दोन पार्ट शोधायचे आहेत, बाबा, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.